अंगाचा वाटा

"कोणी केलं?" हा पोलिसांचा प्रश्न. माझा प्रश्न त्याच्या पुढचा. केलं एकाने, उभे होते दहा, करायला सांगितलं तिसऱ्याने आणि ज्याचा फायदा झाला तो तर गावातच नव्हता. मग शिक्षा कोणाला आणि किती? मालवणात राहून पस्तीस वर्षं मी फौजदारी वकिली केली ती या एका प्रश्नावर. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला रंजक किस्से लिहायला सांगितले आणि वर "बाई, कलमं जरा कमी" अशी विनंतीही केली. कलमं कमी करते. रंजकतेची हमी देत नाही.

आमच्याकडे फिर्याद लिहून देणाऱ्याला माणूस आठवत नाही, अख्खी वाडी आठवते. बांधावरून दोघांची बाचाबाची झाली तरी आरोपी अकरा असतात. एका फिर्यादीत आरोपी नंबर चार त्या दिवशी मुंबईला कामावर होता. हजेरीचा कागद दाखवल्यावर फिर्यादी मला कोर्टाच्या पायरीवर म्हणाला, "बाई, तो हंय आसतो तर तेनाय मारल्यान आसता." त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

कायद्याचीही थोडी तशीच खोड आहे. अनेकांनी मिळून, एकाच इराद्याने गुन्हा केला तर तो प्रत्येकाने एकट्याने केला असं धरायचं, असं आमचं जुनं चौतिसावं कलम सांगायचं. नव्या कायद्यात त्याचा नंबर बदलला, स्वभाव नाही बदलला. त्या कलमाच्या पोटात शिरायचं आणि प्रत्येक आरोपीला सुटा करून कोर्टापुढे उभा करायचा: याच्या हाताने काय केलं, याच्या मनात काय होतं, याला काय माहीत होतं. बचावाच्या वकिलाचं काम म्हणजे एवढंच. बाकी काळा कोट आणि तारखा.

पार्वती आजी नावाची ऐंशीच्या पुढची एक म्हातारी अशीच आरोपी नंबर अकरा होती. माडाच्या वादात दोन घरं भांडली तेव्हा ती खळ्यात उभी राहून शिव्या घालत होती. न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, गुन्हा कबूल आहे का?" मी तिला 'नाही' एवढंच म्हणायला पढवलं होतं. आजी म्हणाली, "कबूल नाय सायबा. पण काठी हाताक गावली आसती तर कबूल केलंय आसतंय!" सरकारी वकीलसुद्धा हसले. मी मात्र उठून सांगितलं की आजीने माझाच युक्तिवाद केला आहे. इरादा होता, कृती नव्हती. आजी सुटली आणि बाहेर येऊन मलाच रागावली, "माका बोलूक कित्याक दिलास नाय?"

दोडामार्गचा एक टेम्पोवाला याच्या नेमका उलटा. केळ्यांच्या घडांखाली गोव्याच्या दारूच्या बाटल्या, आणि बांद्याजवळ गाडी अडवली. "मी फकस्त गाडी चालवतंय, खाली काय आसा माका काय म्हायत?" हे त्याचं पालुपद. सरकारी वकिलांनी विचारलं, मग केळ्यांवर तीन ताडपत्र्या कशासाठी? तो म्हणाला, "केळ्यांका थंडी वाजता." तारीख मे महिन्यातली होती. कृती होती, फक्त 'माहीत नव्हतं' म्हणून सुटायचं होतं. नाही सुटला. तीन ताडपत्र्या घालणाऱ्याला माहीत असतंच, आणि नसेल तर माहीत करून घ्यायची त्याची इच्छा नसते. परक्या देशांतल्या मोठमोठ्या निकालांत हीच गोष्ट मी पुढे चाळीस-चाळीस पानांत वाचली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. ते रंजक नाही.

मिठबावच्या अलीकडे समुद्राला लागून एक वाडी आहे. तिथे रापण ओढतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि दोन्हीकडे तीस-चाळीस माणसांनी पाय वाळूत रोवून ते ओढायचे. एकट्यादुकट्याचं काम नाही. दोराला हात लावला तो वाटेकरी, हा किनाऱ्याचा कायदा. वाटेने जाणारा चार हात ओढू लागला तरी त्याला कालवणापुरती मासळी मिळते.

वीसेक वर्षांपूर्वी बाहेरची एक यांत्रिक बोट किनाऱ्याच्या फार जवळ आली आणि तिने यांची रापण फाडली. वाडी खवळली. चौघे होडीतून गेले, बोटीला दोर बांधला आणि किनाऱ्यावरच्यांनी मासळी ओढावी तशी ती बोट ओढून उथळात आणली. इथपर्यंत मलाही त्यांचं कौतुक वाटतं. पण बोट टेकल्यावर एकाने बोटीवरच्या खलाशाच्या डोक्यात वल्हं घातलं. खलाशी वाचला. त्याचा एक डोळा गेला.

नऊ जणांवर खटला झाला. वाडी देवळात जमली, गाऱ्हाणं घातलं आणि ठरवलं की वकील एकच, बोलणं एकच, जे होईल ते सगळ्यांचं. नऊ सह्यांचं एकच वकीलपत्र घेऊन ते माझ्याकडे आले. मला अभिमान वाटला. तेव्हा माझी वकिली बऱ्यापैकी चालत होती आणि डोकं त्याहून जास्त चालतं असा माझा समज होता. मी ते वकीलपत्र घेतलं. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक मी हसतमुखाने केली.

कारण असं, की वल्हं कोणी मारलं ते मला माहीत होतं. 'मीच मारलं' असं आरोपी नंबर दोनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आरोपी नंबर सात होता सदू. सदू त्या वेळी शंभर पावलांवर, माडाच्या खुंटाला दोराचं टोक गुंडाळून धरून उभा होता. वल्हं उचललेलंही त्याने पाहिलं नव्हतं. बोट अडवायचा इरादा त्याचा होता, डोकं फोडायचा नव्हता. एवढं मी कोर्टाला सांगितलं असतं तर तो सुटण्याची चांगली आशा होती. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार: मग मारलं कोणी? आणि ज्याने मारलं तोही माझाच अशील. एकाला वाचवायला दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे वकिलाचं व्रत. म्हणून तर अशा नऊ जणांचं वकीलपत्र एका वकिलाने घ्यायचं नसतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

साक्षी संपल्यावर न्यायाधीश प्रत्येक आरोपीला विचारतात, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? सदूला विचारलं. सदूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. 'नको' म्हणून हलवली, अगदी थोडी. सदू म्हणाला, "काय नाय सायब."

नऊही जणांना शिक्षा झाली. वल्हं मारणाऱ्याला तीन वर्षं आणि खुंटाशी उभ्या राहणाऱ्यालाही तीन वर्षं. अपिलात फरक पडला नाही. सदूची बायको सुलोचना त्या तीन वर्षांत बाजारात मासळीची पाटी घेऊन बसू लागली. सुटून आल्यावर सदू माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रस्त्यात दिसला तर वाकडं तोंड करायचा नाही, शिवी द्यायचा नाही, फक्त माझ्याकडे पाहायचा आणि पुढे जायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. एका घटनेतल्या एकाहून जास्त आरोपींचं वकीलपत्र घ्यायचं नाही. माझं घर बसलं तरी नाही. यापायी बरीच कामं गेली, लोक मला शिष्ट म्हणाले. दुसरं, हा जो प्रश्न माझ्या हातून निसटला तो जगात बाकीचे कसे सोडवतात ते शिकायचं. पंचेचाळिशीनंतर मी टपालाने एक अभ्यासक्रम केला आणि युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांचे निकाल छापून आणून वाचू लागले. शेजारचे भाऊ विचारायचे, "वकीलबाई, मालवणात रणगाडे येवचे आसत काय?"

रणगाडे नाही आले, पण डोळे उघडले. काही देशांत गुन्हा करणारा, करायला लावणारा आणि हातभार लावणारा ही तीन वेगळी माणसं मानतात आणि हातभार लावणाऱ्याला शिक्षा कमी असते. वरच्याचा हुकूम होता म्हणून मी केलं, ही सबब आंतरराष्ट्रीय न्यायालयं सहसा ऐकत नाहीत. पण वरच्यालाही सोडत नाहीत. हाताखालची माणसं काय करतात हे माहीत होतं, थांबवणं हातात होतं आणि थांबवलं नाही, तर स्वतः बोट न लावताही तो गुन्हेगार. माहीत नव्हतं म्हणाला, तर का नव्हतं ते विचारतात. मला त्या वेळी दोडामार्गच्या ताडपत्र्या आठवल्या.

एवढं शिकून माझा काय उपयोग झाला? बरीच वर्षं काहीच नाही. मग काही वर्षांपूर्वी एका सकाळी सुलोचना माझ्या ओटीवर येऊन उभी राहिली. मी तिला बस म्हटलं, चहा घे म्हटलं.

"चाय नको. रुपेशाक धरल्यानी."

रुपेश तिचा मुलगा. मालवाहू जहाजावर फिटर होता. जहाजावरचे पाइप जोडणं, वेल्डिंग करणं हे त्याचं काम. परदेशातल्या एका बंदरात इंजिनाकडच्या सात जणांना पोलिसांनी उतरवून घेतलं होतं आणि देश सोडायला मनाई केली होती. कोणत्या देशात ते लिहीत नाही.

"तुमी माज्या घोवाक सोडवूक शकलास नाय," सुलोचना उभ्या-उभ्याच म्हणाली. "माका दुसरो वकील म्हायत नाय. झिलाक तरी आणा."

मी हो म्हटलं. विचार न करता म्हटलं. माझा त्या देशाशी काडीचा संबंध नव्हता.

प्रकरण असं होतं. जहाजाच्या तळात इंजिनाचं तेलकट पाणी साचतं. ते समुद्रात तसंच सोडायला बंदी आहे. आधी एका यंत्रातून तेल वेगळं काढायचं, मगच पाणी सोडायचं. यंत्राला वेळ लागतो, खर्च लागतो. म्हणून काही जहाजांवर यंत्राला वळसा घालणारा एक चोरटा पाइप जोडतात आणि नोंदवहीत मात्र सगळं नियमाने झालं असं लिहितात. या जहाजावर तो पाइप रुपेशने बनवला होता. जहाजावरच्याच कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि बंदराच्या अधिकाऱ्यांना दिला.

कंपनीने सात जणांना मिळून एक वकील दिला होता. हे ऐकल्याबरोबर मी रुपेशचे कागद मागवले. मग त्याने सातही जणांच्या सह्या घेऊन दिलेला जबाब वाचला: यंत्र बिघडल्यामुळे पाइप जोडण्याचा निर्णय इंजिन खोलीतल्या सर्वांनी मिळून घेतला. खाली सातवी सही रुपेशची होती. 'सर्वांनी मिळून' या दोन शब्दांत हुकूम देणारा मुख्य इंजिनीयर सातात विरघळून गेला होता, आणि किनाऱ्यावर बसून खर्च कमी करा म्हणून फोन करणारा कंपनीचा साहेब तर कागदावर उरलाच नव्हता. उरला होता तो पाइप, आणि पाइपावरचं वेल्डिंग रुपेशचं.

मी त्या देशातल्या सरकारी मदतीच्या यादीतून एक वकील शोधून काढली. तिशीतली असेल. व्हिडिओवर ती मला म्हणाली, आमच्याकडे तो हातभार लावणारा ठरू शकतो, पण तो स्वतःच सही करून सांगतोय की निर्णयही त्याचाच. मी काय करू? त्याने हा वकील सोडून स्वतंत्र जबाब दिला तरच काही होईल. दहा दिवसांत सुनावणी होती.

दोन दिवसांनी मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुम्ही लोकल वकील. हे इंटरनॅशनल मॅटर आहे, तुम्ही पडू नका."

"आरोपीही लोकलच आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रुपेशला मी व्हिडिओवर गाठलं. बापाचाच चेहरा, फक्त दाढी वाढलेली. मी त्याला अर्धा तास कायदा सांगितला. इकडचा, तिकडचा, आंतरराष्ट्रीय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमचा सगळा बरोबर," तो म्हणाला. "पण धा महिने आमी एका ताटात जेवलंव. आता मी येकलो येगळो होव? पायप मीच बनवलंय मां? हात लावलोच मां?"

"हात लावलंस. पण ठरवलंस तू नाय."

"दोराक हात लावलो तो वाटेकरी, बाई. आमच्याकडे काय शिकवतत ता तुमका म्हायत आसा."

मला माहीत होतं. म्हणूनच मी आवाज चढवला, त्याने मान खाली घातली, आणि बोलणं तिथेच संपलं. पुढचे दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. सुनावणीला पाच दिवस राहिले होते.

मग मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं ते केलं. ज्याला तोंड दाखवायला लाज वाटते त्याच्याकडे गेले. दुपारची वेळ होती. सदू किनाऱ्यावरच्या खोपटात फाटलेलं जाळं शिवत बसला होता. मी समोर वाळूत बसले. त्याने सुई थांबवली नाही. मी सगळं सांगितलं; एक वकील, एक जबाब, सात सह्या. आणि रुपेश दोराबद्दल काय म्हणाला ते सांगितलं.

सदूने जाळ्याला दोन गाठी मारल्या. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"तवा मी तुमच्याकडे बघलंय. तुमी मान हलवलास."

"व्हय," मी म्हटलं. "चुकलंय मी, सदूभाऊ."

एवढी वर्षं हे वाक्य मी अनेक सजावटी करून मनात लिहिलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच. सदूने मान डोलावली नाही की हलवली नाही. त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"फोन लावा तेका."

माझा फोन उचलणार नाही म्हणून सदूच्या मोबाइलवरून व्हिडिओवर लावला. बापाचं नाव बघून रुपेशने लगेच उचलला. सदूने तो तोंडापुढे आडवा धरला आणि किनाऱ्यावरची माणसं वाऱ्यात बोलतात तसं मोठ्याने बोलू लागला.

"रुपेश, रापणीची वाटणी तुया बघलंस मां?"

"बघलंय."

"सगळ्यांका सारखो वाटो कधी गावलो?"

सदू उत्तरासाठी थांबला नाही.

"जाळ्याचो वाटो जाळेवाल्याक. होडयेचो होडयेवाल्याक. जो फकस्त ओढूक इलो तेका आंगाचो वाटो. ह्या चुकला तर वाडयेत मारामारी होता. होता काय नाय?"

"होता."

"मगे थंय जाळा कोणाचा होता? होडी कोणाची होती? तुजो वाटो आंगाचो. तो घी. तेच्यात्सून येक मासळी कमी करू नको. पण जाळ्याचो वाटो घेव नको. माका दिल्यानी, तो मी गपचूप घेतलंय. आवशीक इचार तीन वर्सा कशी काढल्यान ती."

सदूने फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा सुई घेतली. पडद्यावर रुपेश रडत होता. मलाही आवरलं नाही. पस्तीस वर्षं मी ज्या प्रश्नाशी झटले, टपालाने अभ्यासक्रम केला, त्याचं उत्तर हा माणूस दर हंगामात वाळूवर ढीग मांडून देत होता. आणि मी तिथून कालवणापुरती मासळी घेऊन घरी जात होते.

दुसऱ्या दिवशी रुपेशने कंपनीचा वकील सोडला. त्याने जुना जबाब मागे घेतला आणि नवा दिला. तिकडच्या वकील मुलीला धडकी भरली, कारण त्याने स्वतःला काहीच सवलत दिली नाही. पाइप मी बनवला. मुख्य इंजिनीयरने सांगितलं म्हणून बनवला. पहिल्या वेळी यंत्र बिघडलंय असं मला वाटलं. तिसऱ्या वेळी यंत्र ठीक आहे हे मला माहीत होतं, तरी मी पाइप जोडला. नोंदवहीत मी कधी लिहिलं नाही. कंपनीच्या साहेबाचा फोन दोनदा माझ्यासमोर आला होता. वकील मुलगी मला म्हणाली, तिसऱ्या वेळेचं त्याने सांगायलाच हवं होतं का? मी म्हटलं, हो, अंगाचा वाटा पूर्ण घ्यायचा असतो. माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला ते कितपत कळलं देव जाणे, पण कोर्टाला कळलं. पूर्ण सांगितलं म्हणूनच बाकीच्यावर विश्वास बसला.

रुपेश हातभार लावणारा ठरला. शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवलेली. तुरुंगात जावं लागलं नाही. सात महिने तिकडे अडकून तो घरी आला. मुख्य इंजिनीयर तुरुंगात गेला. त्याने दिलेला हुकूम त्यालाही वरून आला होता, हे मी विसरत नाही. कंपनीला दंड झाला. किनाऱ्यावरचा साहेब मात्र त्या देशात कधी गेलाच नाही, त्याच्यापर्यंत दोर पोचला नाही. त्याच्याविरुद्ध मी इकडे तक्रार दिली आहे. ती अजून पडून आहे आणि मी दर तारखेला मुंबईला जाते. सनद अजून परत दिलेली नाही, ती एवढ्यासाठीच. मला निवृत्त म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.

जहाजावर रुपेशला पुन्हा कोणी घेतलं नाही. जे सोबत्याविरुद्ध बोलले त्यांची नावं एजंटांना पाठ असतात. तो आता देवगडला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मी एकदा त्याला विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, "वाटता. पण झोप येता."

गेल्या हंगामात, एका सकाळी, सदू माझ्या दारात आला. याआधी तो कधी माझ्या घरी आला नव्हता. हातात पाटी, वर केळीचं पान. पान काढलं तर खाली बांगडे आणि पेडवे, दोघांच्या जेवणाला पुरून उरतील एवढे.

"हो तुमचो वाटो."

मला भरून आलं. रुपेशच्या सुटकेबद्दल आणलेत असं वाटून मी लगेच नम्रपणा करायला लागले. म्हटलं, "सदूभाऊ, रुपेशाच्या केशीत दोर तुमी ओढलास. माझो कसलो वाटो?"

"रुपेशाचो न्हय," सदू म्हणाला. त्याने पाटी उंबऱ्याच्या आत सरकवली. "माज्या केशीतलो. ती तीन वर्सा मी येकल्यान घेतलंय. अर्धी तुमची होती. वाटणी रवलेली, ती आज केलंय."

तो रागाने बोलत नव्हता. वाळूवर ढीग मांडताना बोलतो तशाच आवाजात बोलत होता.

वकिलाला प्रत्येक आरोपाला उत्तर असतं. वकीलपत्र तुम्हीच सह्या करून आणलंत, हे होतं. देवळात तुम्हीच ठरवलंत, हे होतं. कायदा तसा होता, हेही होतं. पण वाटा दिला की घ्यायचा असतो.

"बसा," मी म्हटलं. "चाय करतंय."

सदू बसला. मी पाटी आत नेली, विळी घेतली आणि एकेक बांगडा साफ करायला लागले.